डोईमागे दोन

१ जूनला आमच्या मालवणात समुद्र बंद होतो. म्हणजे समुद्र असतोच, उलट जरा जास्तच असतो. बंद होते ती मासेमारी. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जाळी माळ्यावर, आणि वर्षभर चार शब्दांपलीकडे न बोलणारे तांडेल देवळाच्या पायरीवर गजालींना बसलेले. ३१ जुलैपर्यंत हे असंच चालायचं. पुढं नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की सगळ्यांच्या हातापायांत पुन्हा जीव येतो. हा नियम लहानपणापासून अंगात मुरलेला. म्हणून १ जूनच्या पहाटे पावणेपाचला, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात मासेमारीचं तिकीट हातात घेऊन उभा राहिलो, तेव्हा एकादशीच्या दिवशी कोंबडीवर ताव मारायला निघाल्यासारखं वाटत होतं.

"मामा, इथं आजच सीझन उघडतो," भाचा म्हणाला. तो ह्यूस्टनला संगणकावर काहीतरी करतो. काय ते मला बहिणीनं तीनदा समजावलंय. ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टन पन्नास मैल. मला मासे आवडतात आणि अमेरिकेतली म्युझियमं पाहून मी कंटाळलोय, हे ओळखून त्यानं दोन तिकिटं काढली होती. माणशी दीडशे डॉलरच्या वर. गळ, दांडी, आमिष आणि बारा तास समुद्र त्यात आला. राज्याचा मासेमारी परवाना वेगळा काढायचा.

या बोटीला तिथं 'पार्टी बोट' म्हणतात. नाच-गाणं काही नसतं. पार्टी म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचा जथा. दुसरं नाव 'हेडबोट', आणि तेच मला जास्त खरं वाटलं. भाडं बोटीचं नसतं, डोक्याचं असतं. जेवढी डोकी तेवढे पैसे. ज्याच्याकडे ऐपत आहे तो 'चार्टर' करतो, म्हणजे सहा जणांपुरती अख्खी बोट कप्तानासकट घेतो. त्याहून ऐपत असली तर तीन-तीन इंजिनांची स्वतःची नौका ट्रेलरवर घालून घरासमोर उभी करतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, पण ज्याला खोल समुद्रातला मासा स्वतःच्या हातानं काढायचाय, तो हेडबोटीवर येतो. आमच्या बोटीवर चाळीसेक डोकी होती: रिफायनरीतले कामगार, दोन मेक्सिकन कुटुंबं, चर्चमधून आलेला कृष्णवर्णीय म्हाताऱ्यांचा हसरा गट, लग्नाआधीची शेवटची मजा करायला आलेले पाच तरुण (त्यातले चार जेटी ओलांडण्याआधीच ओकले), एक व्हिएतनामी आजोबा आणि आम्ही दोघं. गाव-बंदराच्या एसटीत जेवढ्या तऱ्हेची माणसं भेटतात तेवढीच.

*

तिकीटघराच्या भिंतीवर जुने फोटो लावले होते. रंग उडालेले, बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकातले. बोट परत आलीय, धक्क्यावर फळ्या ठोकल्यात, आणि फळ्यांवर खिळ्यांना लाल माशांच्या ओळीच्या ओळी. पुढं उभी असलेली माणसं दमलेली, उन्हानं भाजलेली, विजयी. एका फोटोत माशांचा ढीग एवढा, की त्याच्यामागं उभ्या पोराचं फक्त डोकं दिसत होतं.

हा लाल मासा म्हणजे रेड स्नॅपर. शास्त्रीय नाव 'लुटजॅनस कॅम्पेचॅनस'. नावातला कॅम्पेचे मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरचा. आपली तांबोशी याच लुटजॅनस कुळातली, चुलतभावंडंच म्हणा. कपाळ तसंच उतरतं, जबड्यात पुढं तसेच सुळे. मात्र हिच्या तांबड्यावर जरा माती सांडल्यासारखी असते, आणि तो नखशिखांत कुंकवात बुडवून काढल्यासारखा. डोळ्यांची बुबुळंसुद्धा लाल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडातल्या पेन्साकोला बंदरातून या माशाचा धंदा उभा राहिला. बर्फ मिळू लागला, रेल्वे आली, आणि शिडांच्या बोटी हातदोऱ्या घेऊन लाल माशामागं निघाल्या. तळ शोधायला शिशाचा ओळंबा सोडायचे. त्याच्या बुडाला चरबी किंवा साबण फासलेला. वर काढल्यावर त्याला चिखल चिकटलाय की शिंपल्यांची चुरी, यावरून खाली खडप आहे का ते ताडायचं. जवळची खडपं रिकामी झाली तशा बोटी दूर जात गेल्या, पार आखात ओलांडून कॅम्पेचेच्या उथळापर्यंत. आता आमच्या कप्तानाच्या खोलीत रंगीत पडदा होता आणि त्यावर तळ आमच्या हाताच्या रेषांसारखा स्पष्ट. त्या चरबी फासलेल्या शिशाची सगळी गंमत आणि माशाची सगळी सुटका या पडद्यानं संपवली, असं माझं मत. कप्तानाला बोललो नाही.

आखाताच्या नावाचंही सांगून टाकतो. आपण पाठ केलं ते मेक्सिकोचं आखात. २०२५ पासून अमेरिकी सरकारी कागदांत ते 'गल्फ ऑफ अमेरिका' झालंय. बोटीवर मात्र सगळे नुसतं 'द गल्फ' म्हणतात, जसं आपण नुसतं 'दर्या' म्हणतो. मासेही बहुधा तसंच म्हणत असावेत.

*

बंदराच्या तोंडाशी दगडांच्या दोन लांबलचक जेट्या आहेत. त्यांच्यामधून, ह्यूस्टनकडे जाणाऱ्या तेलवाहू जहाजांच्या पोटाखालून सरपटत आपण बाहेर पडतो. मागं गॅल्व्हेस्टनची समुद्रभिंत. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात या बेटावर हजारोंनी माणसं मेली, त्यानंतर ही भिंत उभारायला घेतली. अमेरिकेच्या इतिहासात निसर्गानं एका फटक्यात एवढे बळी दुसरीकडे कुठं घेतलेले नाहीत.

टेक्सासचा समुद्र आपल्यासारखाच उथळ, आळसानं उतरत जाणारा. पन्नास मैल गेलं तरी खोली शंभर-सव्वाशे फूट. तिकडं फ्लोरिडातलं डेस्टिन मोठं नशीबवान गाव; तिथं खोल पाणी किनाऱ्याच्या इतकं जवळ येतं की अर्ध्या दिवसात मासे घेऊन माघारी. गॅल्व्हेस्टनकराला तीन-चार तास नुसतं जायलाच लागतात. भाचा या वेळात झोपला. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि शेजारच्या व्हिएतनामी आजोबांनी मला शीतपेटीतून पानात बांधलेला चिकट भात दिला. मी त्यांना बहिणीनं दिलेली थालीपिठं दिली. इंग्रजी दोघांचंही बेताचं, त्यामुळं संभाषण सुरेख झालं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते या किनाऱ्यावर आले. सायगाव पडल्यावर निर्वासित होऊन आलेल्या हजारोंपैकी एक. गावाकडं कोळीच होते, म्हणून इथंही कोळंबीच्या ट्रॉलरवर चढले. गोऱ्या कोळ्यांना ते खपलं नाही. १९७९ मध्ये सीड्रिफ्ट गावात भांडण माणूस मरण्यापर्यंत गेलं, व्हिएतनाम्यांच्या बोटी जाळल्या गेल्या. १९८१ मध्ये गॅल्व्हेस्टनच्या खाडीत कू क्लक्स क्लॅनची माणसं झगे घालून, बंदुका घेऊन बोटीतून फेरी मारून गेली. शेवटी व्हिएतनामी मच्छीमारांची संघटना कोर्टात गेली आणि ह्यूस्टनच्या न्यायाधीश गॅब्रिएल मॅकडोनाल्ड यांनी क्लॅनला मनाई केली. "बाई काळी होती," आजोबा एवढंच म्हणाले आणि भाताचं पान समुद्रात न टाकता घडी करून खिशात घातलं.

बोट त्यांनी पुढं विकली. का, विचारलं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तुम्ही."

मी दचकलो. मग कळलं. दोन हजार सालानंतर आशियातल्या तळ्यांतली कोळंबी अमेरिकेत एवढ्या स्वस्तात येऊ लागली की आखातातल्या ट्रॉलरला डिझेलही परवडेना. अमेरिकेनं २००५ मध्ये ज्या सहा देशांच्या कोळंबीवर जादा कर बसवला त्यात भारत होता. तरी २०२४ मध्येही अमेरिकेला सर्वांत जास्त कोळंबी भारतानंच विकली. बरीचशी आंध्रच्या तळ्यांतली. वर कॅटरिनासारखी वादळं. ट्रॉलर धक्क्याला लागले ते लागलेच.

आणि इथं गोष्टीला एक पीळ आहे. रेड स्नॅपरची पोरं खडपात राहत नाहीत. पहिलं वर्ष-दीड वर्ष ती चिखलावर, शिंपल्यांच्या चुरीवर काढतात, म्हणजे नेमकी कोळंबीच्या जाळ्याच्या वाटेत. "टोपल्याच्या टोपल्या," आजोबा हातानं फेकून दाखवत म्हणाले. "एवढे एवढे. बोटाएवढे. मेलेले." १९९८ पासून कोळंबीच्या जाळ्यांना ही पिल्लं निसटतील अशी खिडकी ठेवणं सक्तीचं झालं, पण खिडकीपेक्षा मोठा उपकार केला तो ट्रॉलर कमी होण्यानं. आंध्रातल्या एखाद्या तळेवाल्याला कुणी सांगितलं, की तुझ्या कोळंबीनं अमेरिकेतला एक लाल मासा वाचवायला हातभार लावला, तर तो आपल्याला चहा पाजून वाटेला लावेल.

*

साडेआठच्या सुमारास क्षितिजावर लोखंडाची झाडं उगवली. तेलाचे फलाट. १९४७ मध्ये किनारा दिसत नाही इतक्या आत पहिली तेलविहीर लुइझियानाजवळ खोदली गेली, आणि पुढं चाळीस-पन्नास वर्षांत या आखातात चार हजारांच्या घरात फलाट उभे राहिले. सपाट चिखलाच्या तळावर अचानक शंभर फूट उंच लोखंडी जंगल. त्यावर शिंपले, कालवं, मऊ पोवळी चढली, लहान मासे आले, त्यामागं मोठे. हेडबोटीचा कप्तान फलाटाच्या पायाला मोठा आकडा अडकवून बोट बांधायचा आणि खाली गळ सोडायचा. आता विहिरी आटल्यात, फलाट काढून टाकतायत, उरलेत दीड हजाराच्या आसपास. पाय तोडायला कधी कधी स्फोटकं लावतात. मग पाण्यावर लाल मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. लुइझियानानं १९८६ मध्ये आणि टेक्सासनं त्यानंतर, जुने फलाट समुद्रातच आडवे करून ठेवायचा कायदा केला. अलाबामानं तर १९५३ मध्येच मोटारींचे सांगाडे बुडवायला सुरुवात केली होती. नंतर सैन्याचे जुने रणगाडेही बुडवले. पेन्साकोलासमोर २००६ मध्ये 'ओरिस्कनी' नावाची अख्खी विमानवाहू नौका तळाशी बसवली. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत लढलेली नौका. हे मी आजोबांना सांगितलं नाही.

या लोखंडानं मासे वाढतात, की दूरदूरचे मासे एका जागी गोळा होऊन मरायला सोपे होतात, यावर शास्त्रज्ञ चाळीस वर्षं भांडतायत. कप्तानाचं मत विचारलं तर तो म्हणाला, "मला कुठं गळ टाकायचा ते कळतं. बास."

भोंगा वाजला. "सोडा!"

चाळीस शिशाची वजनं एकदम पाण्यात. दांडी आखूड, रीळ जाड, दोरी जाड. नाजूक काही नाही. आमिषाला म्हाकूल आणि कापलेले तारलीच्या जातीचे मासे. वास मालवणच्या जेटीचाच. गळ मात्र वेगळा. आपली गरी इंग्रजी 'जे'सारखी. हा गोल, टोक आत वळलेलं. आखातात खडपातल्या माशांसाठी खरं आमिष वापरायचं तर हा गोल गळच लावावा लागतो, आणि तोही गंजणारा. मासा तोडून पळालाच तर तोंडात जन्मभर राहू नये म्हणून. गोल गळ पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. अट एकच, झटका द्यायचा नाही.

आणि आयुष्यभर गरवलेल्या माणसाला झटका न देणं म्हणजे शिंक न देणं. पहिले तीन मासे मी झटक्यानं घालवले. बोटीवरचा पोऱ्या, वीस-बावीसचा, उघडा, पाठीवर माशाचंच गोंदण, मागून ओरडला, "आजोबा, काही करू नका! नुसतं गुंडाळा!" मला वडील आठवले. खडपावर बसून माझा हात धरून ठेवायचे, "घाय करू नको. तेका गिळूक दी." चौथ्या वेळी मी तळहात रिळावर ठेवून गप्प बसलो. दांडी ठकठकली, वाकली, वाकूनच राहिली. गुंडाळायला लागलो. तळातून कुणीतरी मान हलवून नाही-नाही म्हणतंय असं दोरीतून कळतं. स्नॅपर खरंच तशी मान हलवतो. आणि हिरव्या पाण्यात खोलवर आधी गुलाबी, मग केशरी, मग एकदम लाल.

अठरा इंच. कमीत कमी सोळा लागतो. माझा पहिला. डोईमागे दोन.

*

दोन. एवढ्यासाठी दीडशे डॉलर आणि बारा तास. हा आकडा कसा आला ते सांगितल्याशिवाय हा लेख म्हणजे नुसती सहल होईल.

१९७६ मध्ये अमेरिकेनं दोनशे मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला आणि तो सांभाळायला विभागवार परिषदा नेमल्या. आखाताच्या परिषदेनं ऐंशीच्या दशकात स्नॅपरकडं नीट पाहिलं तेव्हा मासा खरवडून निघालेला होता. १९९० मध्ये हौशी माणसाला दिवसाला सात मासे, असं बंधन आलं. मग पाच. मग चार. २००७ पासून दोन. त्याच वर्षी धंदेवाईक कोळ्यांना वेगळा न्याय मिळाला. तोवर त्यांना महिन्यातले ठरावीक दिवस समुद्र उघडायचा आणि वादळ असो वा नसो, सगळे एकदम तुटून पडायचे. आता प्रत्येकाला वार्षिक पकडीतला वाटा नावावर लिहून मिळाला. हवा तेव्हा पकडा, हवा तर विका. समुद्र शांत झाला. पण वाटे काही हातांत गोळा झाले आणि स्वतः न जाता वाटा भाड्यानं देणारे 'समुद्राचे जमीनदार'ही तयार झाले. कुळकायद्याच्या मुलखातून आलेल्याला हे सांगावं लागत नाही.

हौशी लोकांचं मात्र बिघडत गेलं, आणि तेही मासा सुधारला म्हणून. एकूण वजनाची मर्यादा ठरलेली. मासे वाढले, जाड झाले, सहज मिळू लागले. ठरलेलं वजन लवकर भरलं. म्हणून हंगाम लहान. २००८ मध्ये पासष्ट दिवस, २०१४ मध्ये नऊ, आणि २०१७ मध्ये खासगी नौकांना फक्त तीन दिवस. समुद्र लाल माशांनी भरलेला आणि दार बंद! लोक खवळले. वाणिज्य खात्यानं मधेच आणखी एकोणचाळीस दिवस वाढवून दिले, आणि यानं मर्यादा ओलांडली जाणार हेही कागदावर लिहून दिलं. पर्यावरणवाले कोर्टात गेले. शेवटी खासगी नौकांचा हंगाम पाच राज्यांकडं सोपवला गेला.

हेडबोटी आणि चार्टर २०१५ पासून वेगळ्या खात्यात आहेत. त्या २०१७ साली त्यांना एकोणपन्नास दिवस मिळाले होते. खासगीवाले म्हणतात, हा पक्षपात. मी कप्तानाच्या खोलीत कॉफी पीत हे बोललो, तर एरवी शब्दाला महाग असलेला तो माणूस भडाभडा बोलायला लागला.

"माझी बोट कधी निघाली, किती डोकी, किती मासे, किती सोडले, सगळं मी लिहून देतो. बोटींना नवे परवाने २००३ पासून बंद आहेत. म्हणजे आम्ही वाढू शकत नाही. मी आणि माझी पोरं आमच्या नावावर एक मासा धरू शकत नाही, कायदा आहे. आणि तो," त्यानं दूर एका पांढऱ्या नौकेकडं बोट केलं, चार इंजिनं, उन्हात चमकणारी, "त्याला कोण मोजतं? अंदाज करतात. फोन करून विचारतात."

मला त्याचं पटलं. पूर्ण नाही. ज्याचा मासा मोजला जातो त्यालाच नियम टोचतो, हे मालवणात आम्ही पाहतोच. पर्ससीनवाल्या बोटींना घातलेली बंदी समुद्रात कितपत पाळली जाते हे पारंपरिक रापणवाल्यांना विचारा. पण जेटीवर तपासणीला अधिकारी आला की पहिली टोपली म्हातारीची उघडतो. तरी भिंतीवरच्या त्या फोटोतले ढीग हेडबोटींनीच रचले होते, हेही खरं. कप्तानानं ते फोटो काढून टाकलेले नाहीत, हे मला आवडलं.

समुद्रात मासे नक्की किती, हा प्रश्न एवढा पेटला की अमेरिकी संसदेनं वेगळे पैसे दिले. सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर खर्चून, कॉर्पस ख्रिस्तीच्या हार्ट संशोधन संस्थेच्या ग्रेग स्टन्झ यांच्या पुढाकारानं शास्त्रज्ञांनी कॅमेरे आणि ध्वनिलहरी घेऊन अख्खं आखात चाळलं. २०२१ मध्ये उत्तर आलं: दोन वर्षांवरचे अकरा कोटी. आधीच्या सरकारी अंदाजाच्या तिप्पट. नंतर समीक्षकांच्या आक्षेपांनी हा आकडा खाली आला, पण त्यातली एक गोष्ट कुणी खोडली नाही. बहुतेक मासे फलाटांवर किंवा नावाजलेल्या खडपांवर नव्हतेच. ते होते मोकळ्या, कुणी न पाहिलेल्या तळावर, एखाद्या खळग्यात, एखाद्या दगडाशी. जिथं कुणाचाही पडदा थांबत नाही.

*

दुपारी तिसऱ्या जागी मला छोटा मिळाला. चौदा इंच. परत सोडायचा. पण सोडायचा म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एकशे दहा फुटांवर माशावर वरच्यापेक्षा चौपटीहून जास्त दाब असतो. आपण त्याला मिनिटभरात वर ओढतो. पोटातली हवेची पिशवी तितक्याच पटीनं फुगते, जठर उलटं होऊन तोंडातून गुलाबी फुग्यासारखं बाहेर येतं, डोळे बटाट्यासारखे. तसाच फेकला तर तो बुडूच शकत नाही, पाण्यावर आडवा तरंगत राहतो. खाली डॉल्फिन वाट पाहत असतात. पुस्तकातले गोड डॉल्फिन. इथले बोटीचा भोंगा ओळखतात आणि सोडलेला मासा ताटातल्यासारखा उचलतात. दोरीवर असलेल्या माशाचं धड शार्क नेतात, आपल्या हाती डोकं. याला बोटीवर 'कर' म्हणतात.

पोऱ्यानं माझ्या चौदा इंच्याचा ओठ एका चिमट्यात पकडला. चिमट्याला वजन, वजनाला दोरी. सगळं खाली सोडलं. ठरावीक खोलीवर दाबानं चिमटा आपोआप उघडतो, मासा सुटतो. जानेवारी २०२२ मध्ये हे उपकरण किंवा हवा काढायची पोकळ सुई तयार ठेवणं आखातात सक्तीचं झालं. दोरी हलकी होऊन वर आली तेव्हा चिमटा रिकामा होता. "घरी गेला," पोऱ्या म्हणाला. दिवसभरात त्यानं असे किती खाली सोडले मी मोजत होतो. सव्वीसनंतर सोडून दिलं. गडबडीत त्यानं तीन तसेच फेकले, तेही मी पाहिलं. तिघांपैकी एका तरंगत्या माशाचा लाल ठिपका बराच वेळ दिसत होता.

माझा दुसरा मासा मोठा निघाला. किती मोठा ते सांगत नाही. मालवणी माणसानं माशाची लांबी सांगितली की ऐकणारा आधी निम्मी करतो. बोटीवरच्या पैजेत (प्रत्येकानं दहा डॉलर टाकायचे, सर्वांत मोठा मासा ज्याचा, त्याचे सगळे) मी दुसरा आलो. पहिल्या आल्या त्या चर्चच्या म्हाताऱ्यांपैकी एक आजीबाई. त्यांनी ते पैसे तिथल्या तिथं पोऱ्याला देऊन टाकले आणि बोटीवर टाळ्या वाजल्या. एका मोठ्या मादीची अंडी लहान दोनशे माद्यांएवढी असतात, अशी तिथल्या मत्स्य खात्याची जुनी शिकवण आहे. त्या हिशेबानं सगळ्यांत मोठा मासा काढणाऱ्याला बक्षीस देणं उलटंच. पण त्या टाळ्यांत हे बोलणार कोण?

*

धक्क्यावर कापायच्या टेबलांभोवती तपकिरी पेलिकन पक्षी म्हाताऱ्या नातेवाइकांसारखे बसले होते. डीडीटीमुळं एके काळी टेक्सासच्या किनाऱ्यावरून ते जवळजवळ नाहीसे झाले होते, आता पोऱ्यांच्या पायात येतात. पोऱ्याची सुरी चालते तेव्हा बघत राहावं: दोन झटक्यांत दोन फिलेट, उरलेलं डोकं-काटा-कल्ले सगळं पाण्यात. मी आणि आजोबा एकदमच ओरडलो, "डोकं नको!"

तेव्हा हातात पाटी घेतलेली एक तरुणी आली. माशांची मोजणी करणारी. माझ्या मोठ्या माशाची लांबी घेऊ का, आणि कानातली हाडं घेऊ का, असं तिनं विचारलं. मी आधी लांबीलाच हो म्हणालो. मग कळलं की माशाच्या कवटीत दोन पांढरे खडे असतात आणि त्यांत झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक रेघ पडते. रेड स्नॅपर पन्नासच्या वर जगतो. पण त्या रेघा खरंच वर्षाच्याच, हे कशावरून? १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी समुद्रात जो किरणोत्सारी कार्बन पसरला तो त्या काळच्या माशांच्या खड्यांत जाऊन बसला. त्या खुणेवरून शास्त्रज्ञांनी रेघांचा हिशेब ताडून पाहिला. बॉम्बचा तेवढाच उपयोग माझ्या ऐकण्यात आहे.

"मला डोकं कालवणाला हवंय," मी म्हणालो. तिनं हसून कल्ल्याचं झाकण उचललं, आतून छोटी छिन्नी घातली, कट्‌ आवाज झाला, आणि डोकं अखंड ठेवून दोन खडे चिमट्यात बाहेर आले. कागदाच्या छोट्या पाकिटात घालून तिनं वर तारीख, लांबी, बोट लिहिली. वय किती, विचारलं. "कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडं वळली.

रात्री ह्यूस्टनला बहिणीनं दोन्ही डोक्यांचं कालवण केलं. नारळ डब्यातला, मिरची मेक्सिकन, सोलं मात्र मालवणची, मी नेलेली. मांस तांबोशीपेक्षा गोड आणि जरा फुसकं, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते खाल्ल्याबरोबर कळलंच होतं. लहान माशाचं डोकं भाच्याच्या ताटात होतं. तो कवटी फोडून चोखत होता, मधेच थांबला, आणि तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. मग दुसरं. पांढरे, नखाएवढे. आमच्याकडं ढोम्याच्या डोक्यात याहून मोठे सापडतात; बहिणीनं लहानपणी काड्यापेटीभर जमवले होते.

"मामा, हे त्या मुलीला द्यायला हवे होते का?"

बहिणीनं ते उचलले, नळाखाली धुतले, आणि खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकले.